'शुक्रवारपर्यंत' म्हणजे 'बाय' की 'टिल'?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

परवा ऑफिसात माझी चांगलीच शोभा झाली, ती आधी सांगून टाकतो.

आमचं काम इंग्लंडातल्या एका ग्राहकाकडे जातं. सोमवारी तिकडच्या बाईंनी विचारलं, चाचणीचा अहवाल कधी मिळेल? मी लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.' मनात होतं, शुक्रवारपर्यंत पाठवतो. बुधवारी बाईंचा अतिशय सभ्य मेल आला: अहवाल रोज येणार आहे असं दिसतं, पण सोमवारचा आणि मंगळवारचा आम्हाला पोचलेला नाही, कृपया पुन्हा पाठवाल का? साहेबांनी तो मेल मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि म्हणाले, 'आता पाठव रोज एक.'

घरी येऊन विचार केला. 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबतो', दोन्हीकडे आपलं 'पर्यंत' एकच. पाठवणं एकदाच होणार आणि शुक्रवार ही त्याची शेवटची मर्यादा. थांबणं मात्र शुक्रवार येईतो चालूच राहणार. आपण हा फरक क्रियापदावरून ओळखतो आणि पुढे जातो. इंग्रजी तो 'बाय' आणि 'टिल' असा आधीच वाटून ठेवते.

मग जुने मेल उघडून बसलो आणि घाम फुटला. 'सिन्स थ्री इयर्स' (तीन वर्षांपासून). 'ही इज अँग्री ऑन मी' (माझ्यावर रागावलाय). 'गुड इन मॅथ्स' (गणितात चांगला). मोठमोठे शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, आणि हे दोन-तीन अक्षरी टिकोजीराव सगळीकडे चुकलेले. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना विचारतो: याला काही नियम आहे, की पाढ्यांसारखं घोकायचं?

वाळवी

त्या बाई बिचाऱ्या दोन दिवस इनबॉक्स उघडून बसल्या असतील. 😂 बाकी 'सिन्स थ्री इयर्स' मीही काल लिहिलंय. धागा वाचनखूण केला.

निवृत्त मास्तर

पाटीपेन्सिल, लाजू नका. ३४ वर्षं पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, आणि यातली प्रत्येक चूक मीही आधी केलेली आहे.

'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, इथपर्यंत माझा खडू सरळ चालायचा. 'ॲट'पाशी अडायचा. पहिली काही वर्षं मी फळ्यावर 'ॲट = ला, त, वर, जवळ' असं लिहीत असे आणि पोरं निमूट उतरवून घेत. एकदा मराठीचे सर रजेवर होते म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. विभक्तीचा तक्ता घ्यायचा होता. स ला ते, ने ए शी, ऊन हून, असं करत वर्ग सप्तमीला आला: त ई आ. एका मुलीने विचारलं, सर, 'त' म्हणजे घरात, शाळेत. मग 'ई' कुठे लागतो? मी म्हटलं, 'घरी'. आणि तोंडातून शब्द निघाला तशी माझीच ट्यूब पेटली.

पाहुणे घरी येतात, साप घरात येतो.

'मामा घरी आहेत का' असं विचारणाऱ्याला भिंती, छप्पर, खोल्या यांच्याशी देणंघेणं नसतं. मामा अंगणात बाजेवर असले तरी ते घरीच. हे आपलं 'ॲट होम'. 'मांजर घरात आहे' म्हटलं की मात्र चार भिंती आल्या, हे 'इन द हाऊस'. आणि बघा, 'ॲट होम'मध्ये 'द' नाही, 'इन द हाऊस'मध्ये आहे. म्हणजे 'ॲट' एकटा आलेला नाही. पुढे कुठलं नाम येणार, त्याच्या अंगावर 'द' असणार की नसणार, हे सगळं ठरवून तो आलेला आहे. 'इन प्रिझन' तो कैदी, 'इन द प्रिझन' तो तिथला दिवा दुरुस्त करायला गेलेला वायरमन. 'गो टू बेड' म्हणजे झोपायला जा, 'गो टू द बेड' म्हणजे पलंगापाशी जा, तिथे उशी ठेवायची असेल. 'द' गेला की वस्तू जाते आणि तिथे चालणारा व्यवहार उरतो.

नियम विचारलात म्हणून सांगतो. आपला 'ई' तरी कुठे नियमाने लागतो? घरी, दारी, गावी, हाती. सकाळी, रात्री, मंगळवारी. पण 'टेबली' कोणी म्हणत नाही, 'ऑफिशी' नाही, आणि जानेवारी आला की 'जानेवारीत'च. मंगळवारी 'ई' आणि जानेवारीत 'त' का, असं आपल्याला कोणी शिकवलं होतं का? पूर्ण शब्दच कानावर पडला आणि तसाच तोंडात बसला. त्यानंतर मी वर्गात सुटे 'इन, ऑन, ॲट' शिकवणं बंद केलं. 'ॲट नाइट', 'इन द मॉर्निंग', 'ऑन मंडे' असे अख्खे तुकडेच वहीत. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला मुलांना फार फरक पडला नाही, पण निबंध वाचताना माझ्या लाल पेनाची शाई वाचली.

थेट बोला

मास्तर, लिहिलंय छान. पण एक विचारतो, राग मानू नका. समोरच्याला कळलं ना? मग झालं. गोरे कुठे आपली मराठी शुद्ध बोलतात? 'अँग्री ऑन मी' म्हटल्यावर कोणाला वाटणार आहे की तो माझ्या डोक्यावर बसून रागावलाय?

पाटीपेन्सिल

@थेट बोला, अहो पण 'टिल फ्रायडे'ला त्यांना कळलं नाही ना. निदान जे कळलं ते मी म्हटलंच नव्हतं.

@मास्तर, साप आणि पाहुणे! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काही पाहुणे घरात येतात.

साताऱ्याची आजी

मी मूळची साताऱ्याची, सध्या मुलाकडे ओहायोला आहे. माझ्याकडे याच्या उलटी गंमत आहे. नातू अकरा वर्षांचा, मराठी छान बोलतो. परवा शाळा सुटल्यावर त्याचा फोन आला, 'आजी, मी बसवर आहे, दहा मिनिटांत येतो.' माझ्या पोटात धस्स झालं. आमच्या लहानपणी जत्रेच्या दिवसांत लोक एस्टीच्या टपावर बसायचे ते डोळ्यांसमोर आलं. मी ओरडले, 'बसवर कशाला चढलास, खाली उतर आधी!' सूनबाई स्वयंपाकघरातून हसत आली. ते 'ऑन द बस' होतं म्हणे.

त्याचा वाढदिवसही 'मंगळवारवर' असतो. मी आपली दर वेळी 'मंगळवारी रे' म्हणते.

पण मला एक कोणीतरी सांगा. बसला 'ऑन' आणि कारला 'इन' असं का? दोन्हीत आपण आतच बसतो की.

खिडकीची जागा

आजी, मला कामी आलेली खूणगाठ सांगते. ज्यात चढून उभं राहता येतं, मधल्या वाटेतून चालता येतं, त्याला 'ऑन': बस, ट्रेन, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरायचं आणि लगेच बसायचं, त्याला 'इन': कार, टॅक्सी, छोटी होडी. नियम म्हणून पक्का नाही, पण दहातल्या नऊ वेळा चालतो. आपल्याकडेही 'तो गाडीवर आहे' म्हणजे एक तर बाइकवर आहे किंवा कोणाकडे ड्रायव्हर आहे, आणि 'तो गाडीत आहे' म्हणजे नुसता बसलाय. अमराठी माणसाला समजावून बघा एकदा.

यात आणखी एक मेख आहे. 'बाय बस', 'बाय कार' म्हणताना नाम अगदी उघडंबोडकं लागतं. त्याला 'माय' लावलंत की 'बाय' पळून जातो. 'बाय माय कार' नाही, 'इन माय कार'. बाय म्हणजे प्रवासाचा प्रकार, मग गाडी कोणाची ते त्याला नको असतं.

कोल्हापुरी साज

मास्तरांचं 'अख्खे तुकडे' वाचलं आणि राहवलं नाही.

मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. केलं. पुष्कळांना ठाऊक नसतं, पण भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा नमुनासंग्रह आपल्या कोल्हापुरात झाला. प्रा. शां. वि. नव्हे, एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली (आद्याक्षरांचा घोळ माझा, आधीच दुरुस्त केला). नाव 'कोल्हापूर कॉर्पस'. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुराचे ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे २००० शब्द, म्हणजे एकूण १० लाखांच्या घरात. बातम्या, अग्रलेख, सरकारी कागद, कथा, विनोद, सगळं. त्याचा साचा मुद्दाम अमेरिकेतल्या ब्राऊन कॉर्पससारखा ठेवला होता. त्यात १९६१ चं अमेरिकन इंग्रजी आहे, आणि त्याच धर्तीवर ब्रिटिश इंग्रजीचा लॉब कॉर्पस आहे. त्यामुळे तिन्ही शेजारी ठेवून ताडून बघता येतात.

ब्राऊन कॉर्पसमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'द' आणि दुसरा 'ऑफ'. आपण ज्यांना चिल्लर समजतो त्यांच्यावरच सगळा बाजार चाललाय.

अशा संग्रहात एक शब्द शोधायला दिला की पडद्यावर ओळींची उतरंड येते. मधल्या रकान्यात तो शब्द एकाखाली एक, डावीकडे आधीचे शब्द, उजवीकडे नंतरचे. 'इन' टाकून ती उतरंड वाचा. इन ऑर्डर, इन फॅक्ट, इन टर्म्स, इन फ्रंट, इन द केस, इन द कोर्स... 'आत' असा अर्थ सांगता येईल अशा ओळी शोधाव्या लागतात. तुकडेच तुकडे. मास्तरांना जे फळ्यासमोर सुचलं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता आपल्या लाडक्या 'डिस्कस अबाउट'बद्दल. याचं खापर आपण मराठीवर फोडतो ('विषयी चर्चा'), पण निम्मा दोष इंग्रजीचाच आहे. नाम असेल तर मधे शब्द लागतो: 'अ डिस्कशन अबाउट', 'अ रिक्वेस्ट फॉर', 'अ डिमांड फॉर', 'एम्फसिस ऑन', 'लॅक ऑफ'. त्याचंच क्रियापद केलं की मधला शब्द गळतो: डिस्कस द प्लॅन, रिक्वेस्ट अ कॉपी, डिमांड जस्टिस, एम्फसाइझ द पॉइंट, लॅक मनी. आपण नामाबरोबरचा शब्द क्रियापदाच्या गळ्यात मारतो. 'ऑर्डर फॉर टू टीज' तसंच. हे एकदा लक्षात आलं की पाच चुका एका फटक्यात जातात.

वाळवी

'शां. वि. नव्हे' 😂 साज, लिहून झाल्यावर खोडायचं असतं ओ.

परिचारिका_७

मास्तरांनी 'द' गेला की व्यवहार उरतो म्हटलं. माझ्याकडे 'द' आला की माणसं उलटी होतात असा नमुना आहे. 'द नर्स इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे बाळ नर्सच्या ताब्यात. 'द चाइल्ड इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजेही तेच, पण वाक्य बाळाच्या बाजूने. फक्त एक 'द' आणि कोण कोणाला सांभाळतं ते फिरलं. नोकरी लागली तेव्हा ड्युटी बदलताना लिहायच्या वहीत मी हा 'द' चुकीच्या जागी टाकला आणि कागदावर अडीच वर्षांची मुलगी आमच्या सिस्टरांची प्रमुख झाली. सिस्टरांनी त्या दिवशी तिला 'मॅडम' म्हणूनच औषध पाजलं.

आणि इंग्रजी 'ऑन' आपल्या मराठीत किती मुरलाय ते वॉर्डात ऐका. पेशंट व्हेंटिलेटरवर, ऑक्सिजनवर, सलाईनवर, लिक्विडवर. डॉक्टर राउंडवर. मी ड्युटीवर, नाहीतर रजेवर. यातलं काहीही कशाच्या 'वर' नाही.

काळा कोट

थेट बोला यांच्या 'कळलं ना, झालं' वर लिहायचं राहिलं होतं. आमच्या धंद्यात कळलं आणि झालं असं नसतं.

कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी म्हणून १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात अट होती, ती बघा: अपघात 'अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ हिज एम्प्लॉयमेंट' असला पाहिजे. नाम एकच, नोकरी. त्याच्या आधी दोन जोडण्या, आणि त्यांच्यामध्ये 'अँड'. 'इन द कोर्स ऑफ' म्हणजे नोकरी चालू असताना. यात वेळ आणि जागा बघायची. 'आउट ऑफ' म्हणजे नोकरीतून उद्भवलेला; यात कारण बघायचं. एक सिद्ध झालं आणि दुसरं नाही तर दावा लंगडा. माणूस कामाच्या वेळेत, कामाच्या जागी पडला, पण कशाने पडला? त्या 'आउट ऑफ'वर मी एका विधवेसाठी तीन तारखा वाद घातला आहे. मराठीत मांडताना मला 'नोकरीमुळे व नोकरीदरम्यान' असं लिहावं लागतं. 'नोकरीत असताना' एवढंच लिहिलं तर अर्धी अट कागदावरून गायब.

तेव्हा भाऊ, दोन अक्षरी शब्दांवर घर चालतं कधी कधी.

थेट बोला

काळा कोट, मान्य. शब्द मागे. (कशा'च्या' मागे ते विचारू नका.)

अडगळीतला

'इन द कोर्स ऑफ'वरून आठवलं. 'कोर्स' हे एकच नाम घ्या आणि शेजारी बदलत जा. 'ऑफ कोर्स' म्हणजे अर्थातच. 'इन ड्यू कोर्स' म्हणजे यथावकाश, सरकारी पत्रात याचा अर्थ बहुधा 'विसरून जा'. 'इन द कोर्स ऑफ' म्हणजे दरम्यान. 'ऑन कोर्स' म्हणजे ठरल्या वाटेवर. आणि पहिल्या शब्दाला एक 'एफ' जास्त लावला की 'ऑफ कोर्स' म्हणजे वाट चुकलेला. ही दोन 'ऑफ' देवनागरीत एकसारखीच दिसतात, त्यामुळे मी काय म्हणतोय ते इथे दाखवताही येत नाही. 😐

माझा आवडता तुकडा मात्र वेगळाच आहे. मराठी माणूस ईमेल सांगताना काय म्हणतो? 'ॲट द रेट जीमेल डॉट कॉम.' रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ईमेलच्या पत्त्यात ते चिन्ह वापरलं ते 'ॲट' एवढ्याचसाठी: अमुक माणूस, तमुक यंत्रापाशी. आपण ते चिन्ह त्याआधीच दुकानाच्या बिलात आणि गणिताच्या वहीत पाहिलेलं होतं, १० वह्या @ ५ रुपये, म्हणजे 'ॲट द रेट ऑफ'. तेव्हा 'ॲट' आला तो आपलं जुनं नाम काखोटीला मारूनच आला. अमेरिकन माणसाला फोनवर 'ॲट द रेट' सांगा, तो ते अख्खं टाइप करतो आणि मेल परत येतो.

निवृत्त मास्तर

अडगळीतले, 'काखोटीला मारून' झकास.

एक पुरवणी. आपले प्रत्यय नामाला चिकटतात आणि नामाला वाकवतात. वाडा, पण 'वाड्यात'. विशेषणही वाकतं, 'जुन्या वाड्यात'. इंग्रजीत नाम ढिम्म हलत नाही, फक्त सर्वनामं वाकतात: 'ही'चं 'हिम', 'आय'चं 'मी'. वापर इतका तुरळक की इंग्रजांचाही तोल जातो आणि ते 'बिटवीन यू अँड आय' म्हणून बसतात. तिथे 'मी' हवं.

आणि चिकटत नसल्यामुळेच इंग्रजीत 'इन'सारखा शब्द वाक्याच्या शेवटी एकटा सोडता येतो: 'द हाऊस आय लिव्ह इन'. कवी ड्रायडनसाहेबांना १६७२ साली हे खटकलं होतं, नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणातली अशी वाक्यं त्यांनी चूक म्हणून काढली. तेव्हापासून शाळामास्तर हा नियम सांगत आलेत, आणि लोक तो मोडत आलेत. मीही वर्गात सांगितला आणि स्टाफरूममध्ये मोडला. मराठीत हा प्रश्नच नाही. 'कोणाशी बोललास?' मधला 'शी' शेवटी ठेवून बघा, लहान मूल असेल तर पळापळ होईल.

साताऱ्याची आजी

मास्तर, हसून हसून चष्मा काढावा लागला. नातवाला 'झाडावर' शिकवत होते. त्याने विचारलं, पक्षी 'इन द ट्री' आणि सफरचंद 'ऑन द ट्री', मग तुम्ही दोन्हीला 'झाडावर' कसं म्हणता? मी म्हटलं, बाळा, आमचं झाड एकच आहे. त्याचं समाधान झालेलं नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. आज बाईंना नवीन मेल टाकला, मास्तरांच्या पद्धतीने अख्खा तुकडा: 'बाय फ्रायडे'. पाच मिनिटांत उत्तर. 'थँक यू. डझ दॅट इन्क्लूड फ्रायडे?' 🤦 शुक्रवार धरून की सोडून? आता काय लिहू?

काळा कोट

हा घोळ आपल्या 'पर्यंत'मध्येही आहे, बाईंना दोष देऊ नका. यासाठीच प्रत्येक नोटिशीत आणि फॉर्मवर 'ऑन ऑर बिफोर' छापलेलं असतं, आणि मराठी जाहिरातीत 'रोजी किंवा तत्पूर्वी'. दोन्ही लावा.

पाटीपेन्सिल

लावलं. साहेब म्हणाले, हा मेल आहे की समन्स.